भुयारी गाडीचा शुद्ध नाद

लेखाचें शीर्षक वाचून कित्येक वाचकांस वाटेल कीं, निवृत्तीनंतर मास्तरांच्या डोक्यावर कांहीं परिणाम झाला असावा. नाद शोधावा तो तंबोऱ्याचा, देवळांतील घंटेचा, फार तर पहांटेच्या कोकिळेचा. जमिनीखालून धडधडत जाणाऱ्या आगगाडींत 'शुद्ध' असें काय सांपडणार? २०२३ सालच्या ऑक्टोबरपर्यंत माझेंहि मत असेंच होतें. त्या महिन्यांत दोन रविवार मी न्यूयॉर्क शहरीं माझ्या सोळा वर्षांच्या नातवाबरोबर भुयारी गाडींत मुका होऊन बसलों, आणि तेव्हांपासून त्या मतांत पालट झाला. तो कसा झाला हें सांगण्यासाठीं हा लेखप्रपंच.

माझे चिरंजीव न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत राहतात. सूनबाईंच्या आग्रहावरून त्या वर्षीं मी तिकडे चार महिने होतों. नातू शाळेंतून आला कीं खोलीचें दार लोटून संगणकापुढें बसे, आणि आंतून घरघर ऐकूं येऊं लागे. मला वाटलें, कसला तरी मारामारीचा खेळ असेल. एके दिवशीं मीं डोकावून पाहिलें, तों पडद्यावर काळोखें भुयार, पुढें लाल-हिरवे दिवे, आणि चिरंजीवांचे चिरंजीव मोठ्या गंभीरपणें गाडी हांकीत आहेत! स्थानक वेळेवर यावें, गाडी नेमक्या खुणेपाशीं थांबावी, ब्रेक असा लागावा कीं उतारूला धक्का बसूं नये, एवढाच त्या खेळाचा हेतु. शत्रु नाहीं, लढाई नाहीं. अशा खेळाला सिम्युलेटर म्हणतात.

हा छंद जगभर पसरलेला आहे. जपानांत ताकाशी कोजिमा यांनीं १९९६ सालीं 'बीव्हीई' नांवाची अशी प्रणाली तयार करून लोकांस फुकट दिली. पुढें तिच्याच धर्तीवर 'ओपनबीव्हीई' ही सर्वांस खुली प्रणाली निघाली. २००१ सालीं मायक्रोसॉफ्टनेंहि आपला ट्रेन सिम्युलेटर बाजारांत आणला. खुल्या प्रणालींची गंमत अशी कीं, मार्ग, डबे, सिग्नल आणि आवाज हें सारें हौशी मंडळीच तयार करून एकमेकांस देतात. आमच्या नातवानें आवाजाचें काम अंगावर घेतलें होतें.

त्याला आवाज हवे होते ते 'आर-४६' जातीच्या गाडीचे. न्यूयॉर्कच्या डब्यांना खरेदीच्या कराराच्या क्रमांकावरून अशीं नांवें पडतात. पुलमन-स्टँडर्ड कंपनीनें १९७५ पासून १९७८ पर्यंत हे डबे बांधले. एकेक डबा ७५ फुटांचा. आठ जोडले कीं ६०० फुटांची गाडी होते. त्यांची जागा घेणारे 'आर-२११' जातीचे नवे डबे मार्च २०२३ पासून 'ए' मार्गावर धांवूं लागले होते. जुनी आणि नवी गाडी एकाच फलाटाला एकीमागून एक लागत होती.

"आजोबा, ही गाडी गेली ना, कीं हा आवाज परत कुठेंच मिळणार नाहीं," नातू म्हणाला.

"अरे, मग गाडींत बसावें, यंत्र सुरू करावें, झालें! त्यांत अवघड तें काय?"

त्यानें मला खुर्ची दिली, आणि आयुष्यभर शिकविलेल्या मास्तराला शिष्य व्हावें लागलें.

त्याचें सांगणें असें. खेळांत गाडी किती वेगानें न्यावी, कोठें थांबवावी, हें खेळणाऱ्याच्या हातीं असतें. त्यामुळें सबंध प्रवासाचा आवाज एकदां टिपून तसाच वाजवितां येत नाहीं. गाडीच्या आवाजाचे अवयव सुटे करावे लागतात, आणि संगणक ते क्षणोक्षणीं नव्यानें जुळवितो. हें ऐकतांच मला संहितापाठ आणि पदपाठ आठवले. वेदमंत्र सलग म्हणतात ती संहिता. संधि सोडवून एकेक शब्द वेगळा केला कीं पदपाठ. नातू गाडीचा पदपाठ करीत होता म्हणावयाचें!

हीं पदें तरी किती! मोटारीचा आवाज निराळा आणि रुळांवरील चाकांचा निराळा. वळणावर चाकांची कड रुळाला घांसते तेव्हांची किंकाळी वेगळी. ब्रेक सोडतांना हवा सुटते तो फुत्कार, दार उघडण्याचा आवाज, मिटण्याचा आवाज, त्यापूर्वींची दोन स्वरांची घंटा, भोंगा. डब्याखालीं हवा दाबून भरणारा कॉम्प्रेसर असतो. त्याचे तर सुरू होणें, चालू राहणें आणि बंद पडणें असे तीन तुकडे. मोटारीच्या आवाजाचे वेगाप्रमाणें अनेक तुकडे असतात. गाडी वेग घेईल तसा संगणक त्यांचा स्वर चढवितो, उतरेल तसा उतरवितो, आणि एकांतून दुसऱ्यांत अलगद नेतो.

चाकांच्या आवाजाचा मात्र कांहीं सेकंदांचा एकच तुकडा असतो, आणि तो रहाटगाडग्यासारखा पुनः पुनः फिरतो. त्याचा शेवट आरंभाशीं असा जुळवावा लागतो कीं, सांधा कानाला कळूं नये. आतां समजा, त्या आठ सेकंदांत शेजारचा मनुष्य एकदां खोकला. तर तो खेळांत दर आठ सेकंदांनीं खोकेल, आणि शेवटच्या स्थानकापर्यंत खोकतच राहील! मोटारीच्या तुकड्यांत कोणी बोललें असेल तर याहून वाईट. गाडी वेग घेऊं लागली कीं बोलणाऱ्याचा आवाज बारीक होत होत उंदरासारखा होतो.

"म्हणून 'क्लीन' पाहिजे," नातू म्हणाला. "गर्दीचा आवाज मागाहून घालतां येतो. बोगद्याचा प्रतिध्वनि पण घालतां येतो. पण एकदां मिसळलेला काढतां येत नाहीं."

आवाज पुसण्याच्या युक्त्या संगणकावर आहेत. परंतु त्यांनीं नको असलेल्या आवाजाबरोबर गाडीचाहि कांहीं अंश पुसला जातो. मीं हें मुद्दाम सांगून ठेवतों, कारण पुढें याचा प्रत्यय मला निराळ्याच ठिकाणीं आला.

तेथील गाड्यांच्या आवाजांतहि पिढ्या आहेत. २००० सालापासून आलेल्या 'आर-१४२' जातीच्या गाड्या निघतांना तीन स्वर काढतात. लिओनार्ड बर्नस्टाइन यांच्या १९५७ सालच्या 'वेस्ट साइड स्टोरी' या संगीतिकेंत 'समव्हेअर' नांवाचें गाणें आहे. त्याच्या पहिल्या तीन स्वरांशीं हे स्वर जुळतात. आपल्या भाषेंत सांगावयाचें तर आधीं षड्ज, मग एकदम कोमल निषाद, आणि तेथून उतरून शुद्ध धैवत. हे कोणा रसिकानें मुद्दाम बसविलेले नाहींत. रुळांशेजारच्या तिसऱ्या रुळांतून गाडीला ६२५ व्होल्टचा एकाच दिशेनें वाहणारा विद्युत्प्रवाह मिळतो. नव्या मोटारींना दिशा पालटणारा प्रवाह लागतो. म्हणून यंत्र मूळ प्रवाहाचे झपाट्यानें तुकडे पाडतें. त्या तुकडे पाडण्याच्या गतीचा तो गळा. 'आर-४६' ची मोटार मूळ एकदिश प्रवाहावरच चालते; तिला असें गातां येत नाहीं. तिचा आवाज घोगरा, खालच्या पट्टींतला, एखाद्या वृद्ध गवयानें सकाळीं गळा साफ करावा तसा.

आतां प्रत्यक्ष टिपण्याची गोष्ट. फोनवर टिपूं नये असा नातवाचा पहिला नियम. फोन माणसाच्या बोलण्यासाठीं केलेला असल्यामुळें तो गाडीचा आवाजच गोंगाट समजून दाबूं पाहतो! स्वतंत्र ध्वनिलेखन-यंत्र हवें. आवाज आपोआप कमीजास्त करणारी त्यांतील सोय बंद ठेवावी. नाहींतर गाडीनें वेग घेतला तरी आवाज वाढल्याचें कळत नाहीं. पातळी आधींच थोडी खालीं ठेवावी. कारण मर्यादेबाहेर गेलेला आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज शिवतां येत नाहीं. सेकंदाला ४८,००० नमुने घ्यावेत, आणि दाबून लहान केलेली प्रत न ठेवतां 'वेव्ह' ही मूळ प्रत ठेवावी. वाऱ्याच्या झोतासाठीं यंत्राच्या तोंडावर केसाळ टोपडें चढवावें. उन्हाळ्यांत डब्यांतील थंड हवेचीं यंत्रें जोरानें घोंगावतात, तेव्हां शरद ऋतु बरा. बसावयाचें तें डब्याच्या टोकाला, मोटारीच्या चाकांवरील बाकावर.

राहतां राहिला यंत्र ठेवण्याचा प्रश्न. न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेंत उतारूंना छायाचित्रें घेण्यास व चित्रीकरणास मुभा आहे, मात्र दिवे, परावर्तक आणि तिपाई यांना मनाई आहे. आमच्या बेताला फक्त तिपाईच आड आली. यंत्र हातांत धरलें तर बोटें घासल्याचा आवाज येतो, बाकावर ठेवलें तर बाकाची थरथर येते. अखेर नातवाची नजर माझ्या लोकरी शालीवर गेली. शालीची चौपदरी घडी माझ्या मांडीवर, आणि तिच्यावर यंत्र. याप्रमाणें वयाच्या चौसष्टाव्या वर्षीं मी तिपाई झालों.

जागा त्यानें पूर्वींच निवडली होती. ५९ व्या रस्त्याचें स्थानक सोडलें कीं 'ए' मार्गाची गाडी दिवसां थेट १२५ व्या रस्त्यालाच थांबते. मधलीं सात स्थानकें ती सोडून देते. एकसारख्या वेगाचा आवाज मिळण्यास असा लांब टप्पा लागतो. न्यूयॉर्कच्या गाड्या रात्रभर चालतात खऱ्या, पण रात्रीं हीच गाडी प्रत्येक स्थानक घेते. म्हणून मध्यरात्रींची शांतता आमच्या कामाची नव्हती. रविवारची सकाळ ठरली.

पहिल्या रविवारीं पहिल्या फेरींत एक तान्हें मूल रडलें. दुसऱ्या फेरींत कंडक्टरनें कांहीं सूचना दिली. या जुन्या गाड्यांत सूचना ध्वनिमुद्रित नसतात, तोच बोलतो. तिसऱ्या फेरींत डबा जवळजवळ रिकामा होता. मीं डोळे मिटले. न्यायशास्त्रांत शब्दाचे दोन प्रकार सांगितले आहेत, एक वर्णरूप आणि एक ध्वनिरूप. माणसाची भाषा हा पहिला, भेरीचा आवाज हा दुसरा. आमचा सारा जन्म वर्णांत गेला. ध्वनीकडे इतकें कान देऊन मीं प्रथमच ऐकिलें. घरघर एक नव्हती. खालीं मोटारीचा षड्ज धरलेला होता. त्यावर चाकांची सळसळ, मधूनच रुळांच्या सांध्यांचा दुहेरी ठेका, आणि बाजूच्या स्थानकांतून जातांना सारा आवाज क्षणभर मोकळा होऊन पुनः भुयारांत मिटे. १२५ वा रस्ता आला तेव्हां नातवानें अंगठा वर केला. आम्ही आनंदानें घरीं आलों.

संध्याकाळीं तो कानांवर यंत्र चढवून बसला होता. थोड्या वेळानें त्यानें मला हांक मारली आणि तें माझ्या कानांवर ठेवलें. गाडीच्या आवाजाच्या तळाशीं कोणी तरी पुटपुटत होतें. तो मीच! पन्नास वर्षें सकाळीं रामरक्षा म्हणण्याची संवय. डोळे मिटले, सकाळची वेळ, ओठ आपोआप हालूं लागले असले पाहिजेत. एवढ्यानें भागलें नाहीं. ज्या मास्तरानें पिढ्यान्‌पिढ्या मुलांचे विसर्ग तपासले, त्याचाच एक विसर्ग साफ गिळलेला यंत्रानें पकडला होता! नातू हंसला. मीहि हंसलों, पण मनांतून शरमलों. पोराची सकाळ मीं फुकट घालविली होती.

दुसऱ्या रविवारीं मीं घरींच रामरक्षा म्हणून घेतली, विसर्गासह. गाडींत बसतांना तोंडांत लवंग धरली, म्हणजे खोकला नको आणि पुटपुट नको. चौतीस वर्षें वर्गावर 'चूप बसा' म्हणून ओरडलों. चूप बसणें किती कठीण आहे तें त्या दिवशीं कळलें. श्वास घ्यावा तोहि हळू. समोर एक वृद्ध निग्रो गृहस्थ वर्तमानपत्र वाचीत होते. त्यांनीं माझ्या मांडीवरील केसाळ वस्तूकडे पाहून भुंवया उंचावल्या. नातवानें ओठांवर बोट ठेवून यंत्राकडे खूण केली. गृहस्थांनीं मान डोलविली, पान उलटावयाचें थांबविलें, आणि १२५ व्या रस्त्यापर्यंत तें अर्धें उघडलेलें पान तसेंच हातांत धरून ते बसले. उतरतांना त्यांनीं मला टोपी काढून नमस्कार केला. या वेळचा आवाज निर्मळ निघाला. आज तो खेळ खेळणारे जे कोणी ती गाडी हांकीत असतील, त्यांना त्यांत मी ऐकूं येत नाहीं, ते गृहस्थहि येत नाहींत. परंतु आम्ही दोघे तेथें होतों म्हणूनच तो तसा आहे.

एवढा खटाटोप कशासाठीं, असें मीं एकदां नातवाला विचारलें. त्यानें मला मेलेल्या आवाजांची यादीच सांगितली. १९६४ पासून धांवणारे 'आर-३२' जातीचे पन्हाळीदार पोलादी डबे जानेवारी २०२२ मध्यें शेवटचे धांवले. जपानांत केइक्यू रेल्वेच्या कांहीं गाड्या निघतांना चक्क सा-रे-ग-म सारखी सरगम म्हणत, आणि पुढें तोक्योच्या भुयारी मार्गावरहि जात. ती सरगम २०२१ सालीं कायमची थांबली. डबे संग्रहालयांत ठेवतां येतात, पण उभ्या डब्याला आवाज नसतो.

मग त्यानें मला विचारलें, "आजोबा, तुम्ही इतकीं वर्षें लोकलनें जात होतां ना? ती जुनी डीसी लोकल कशी वाजायची?"

मी डोंबिवलीहून दादरच्या शाळेंत नोकरीस जात असें. मुंबईंत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं प्रथम व्हिक्टोरिया टर्मिनसपासून कुर्ल्यापर्यंत धांवली, ती १५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहावर. २०१६ पर्यंत मुंबईच्या साऱ्या उपनगरी मार्गांवर २५,००० व्होल्टचा दिशा पालटणारा प्रवाह आला, आणि त्या जुन्या लोकलांचा जमाना संपला. मीं आयुष्याचे हजारों तास त्यांत काढले. मीं तोंडानें 'घुर्र' करून पाहिलें, छातीवर थाप मारून पाहिली. नातू सभ्यपणें ऐकत राहिला. मला तो आवाज आठवत होता, पण दाखवितां येत नव्हता. वेळापत्रक सांगतां आलें, भाडें सांगतां आलें, कोणत्या डब्यांत कोण भजन म्हणे तेंहि सांगतां आलें. आवाज मात्र माझ्याबरोबरच जाणार.

लंडनची एक गोष्ट त्यानेंच मला सांगितली. तेथील भुयारी रेल्वेच्या एंबँकमेंट स्थानकावर गाडी आणि फलाट यांमधील फटीची सूचना ऑस्वाल्ड लॉरेन्स या नटाच्या मुद्रित आवाजांत दिली जाई. ते २००७ सालीं वारले. त्यांच्या पत्नी पुढें त्या फलाटावर जाऊन बसत, आणि पतीचा आवाज ऐकत. २०१२ सालीं नवी यंत्रणा आली व तो आवाज बंद झाला. बाईंनीं विनंति केली. रेल्वेनें जुनी मुद्रिका शोधून काढली, आणि २०१३ सालीं त्या स्थानकावर तो आवाज पुनः सुरू केला.

हें सांगून झाल्यावर नातू जरा घुटमळला. मग म्हणाला, "आजोबा, आजीचा आवाज आहे का आपल्याकडे?"

त्याची आजी २०१७ सालीं गेली. तिचीं छायाचित्रें घरांत पुष्कळ. तिचा आवाज टिपून ठेवावा हें मात्र आम्हां कोणाला सुचलें नाहीं. ती रोजच बोलत होती! दोन दिवस शोध केला, तेव्हां चिरंजीवांच्या एका जुन्या फोनमध्यें नातवाच्याच मुंजीचें चित्रीकरण सांपडलें. सनई वाजते आहे, भांडीं आदळताहेत, कोणाचें तरी मूल रडतें आहे, आणि या सगळ्यांतून ती कोणाला तरी सांगते आहे, "अहो, तो पाट जरा सरळ मांडा." एवढेंच वाक्य. नातवानें आपली सारी विद्या पणाला लावली. सनई पुसली कीं आजीच्या आवाजाचाहि कांहीं भाग जाई, आणि उरे तो कोणा परक्याच बाईचा आवाज. शेवटीं त्यानें हात वर केले, आणि आम्ही तें आहे तसेंच ठेविलें, सनईसह आणि भांड्यांसह. पहिल्या रविवारची ती बिघडलेली मुद्रिकाहि त्यानें टाकली नाहीं. तिला त्यानें 'आजोबा' असें नांव देऊन ती आजीच्या शेजारीं ठेवली आहे.

वाचकहो, आपल्या एकत्र कुटुंबांत आवाजांना तोटा नसतो, म्हणूनच त्यांची किंमत कळत नाहीं. ज्यांच्या घरीं वृद्ध मंडळी आहेत त्यांनीं एखाद्या दुपारीं, पंखा बंद करून, त्यांना शेजारीं बसवून घ्यावें. आजीला चातुर्मासांतील एखादी कहाणी सांगावयास लावावी, आजोबांना संध्या म्हणावयास लावावी. शक्य तितका आवाज शुद्ध टिपावा; कारण गलबला मागाहून केव्हांहि घालतां येतो. आणि शुद्ध नाहींच जमलें, तर अशुद्ध टिपावा.

हल्लीं मी पुण्यास असतों. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटपर्यंतची भुयारी मेट्रो सुरू झाली, त्यानंतरच्या आठवड्यांत मी मंडईच्या स्थानकांतून तींत बसलों. डोळे मिटून घेतले. नव्या गाडीचा गळा अजून कोवळा आहे. घरीं येऊन नातवाला फोन केला, आणि ऐकला तसा तो आवाज तोंडानें काढून दाखविला. तो म्हणाला, "आजोबा, थांबा, मी रेकॉर्डिंग सुरू करतों."